चित्रकाराचं आत्मचित्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कमाटीबागेतल्या संग्रहालयात चित्रं पाहून आलेले लोक, फाइन आर्ट्सच्या प्रवेशाची तयारी करणारी मुलं, त्यांचे पालक, आणि निवृत्तीनंतर रंग हातात घेतलेले काका-काकू पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. पहिले दहा चित्र पाहण्याबद्दल आहेत आणि पुढचे चार चित्र काढण्याबद्दल. शेवटचे दोन जुन्या बडोदेकर घरांसाठी.

१. आत्मचित्र म्हणजे नक्की काय? सेल्फी त्यात धरायची का?

चित्रकाराने स्वतःचंच केलेलं व्यक्तिचित्र म्हणजे आत्मचित्र. बोलताना बहुतेक जण सेल्फ पोर्ट्रेटच म्हणतात. सेल्फीला आत्मचित्र म्हणायला आमची हरकत नाही, पण तिच्यात मागची भिंत, शर्टाची घडी, कपाळावरची चमक आपोआप येते. रंगवलेल्या चित्रात यातलं काहीच आपोआप येत नाही. भिंत दिसते कारण कोणीतरी ती रंगवायची ठरवली आणि त्यासाठी अर्धा दिवस घालवला. त्यामुळे ‘हे इथे का आहे?’ हा प्रश्न आत्मचित्राला इंचाइंचावर विचारता येतो.

२. चित्रकार स्वतःलाच का रंगवतात? स्वतःवर एवढं प्रेम असतं का?

बऱ्याचदा कारण पैशाचं असतं. मॉडेल बसवायचं तर तासाचे पैसे द्यावे लागतात, आरसा फुकट बसतो. डच चित्रकार व्हॅन गॉगची सुमारे ३५ आत्मचित्रं आहेत आणि त्यातली बहुतेक १८८६ ते १८८८ या पॅरिसच्या मुक्कामातली, म्हणजे मॉडेल परवडत नव्हतं त्या काळातली. नव्या रंगसंगतीचे प्रयोग त्याने स्वतःच्याच चेहऱ्यावर केले.

सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्राँ याची रंगचित्रं, एचिंग (धातूच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेली चित्रं) आणि रेखाटनं धरून सुमारे ८० आत्मचित्रं होतात. तरुणपणीच्या छोट्या एचिंगमध्ये तो आरशासमोर तोंडं वेडीवाकडी करून हसू, भीती, आश्चर्य यांचा सराव करताना दिसतो. मेक्सिकोची चित्रकार फ्रीडा काहलो १९२५ च्या बस अपघातानंतर अंथरुणाला खिळली, तेव्हा पलंगाच्या वर आरसा बसवून घेतला होता. समोर दुसरं कोणी नव्हतंच. स्त्री चित्रकारांचं आणखी एक कारण होतं, ते प्रश्न १० मध्ये.

३. आत्मचित्र पाहताना सुरुवात कुठून करायची?

चेहऱ्यावरून करू नका. चेहऱ्यापासून सुरुवात केली की आपण लगेच ‘किती दुःखी डोळे!’ म्हणून मोकळे होतो आणि पुढचं पाहणं थांबतं.

आधी उजेड कोणत्या बाजूने येतो ते पाहा. खिडकी, आरसा आणि ईझल (चित्र टेकवायची घोडी) कसे मांडले होते याचा अंदाज त्यावरून येतो. मग हात शोधा. काम करणारा हात आरशात सतत हलत असतो, म्हणून तो रंगवणं सगळ्यात अवघड. चित्रकाराने तो चौकटीबाहेर ठेवला, अंधारात लपवला, की कुंचल्यासकट समोर आणला? मग कपडे पाहा. रंगांनी माखलेला कामाचा झगा आहे, की ठेवणीतला पोशाख? त्यानंतर कोणता भाग बारकाईने पुरा केला आहे आणि कोणता चार फटकाऱ्यांत सोडून दिला आहे ते तपासा. रेम्ब्राँच्या लंडनमधल्या केनवुडच्या आत्मचित्रात (साधारण १६६५ ते ६९) चेहरा रंगाच्या जाड थरांनी घडवला आहे आणि हात, कुंचले, पॅलेट नुसत्या रेघोट्या आहेत. कशाची किंमत किती, हे त्याने तिथेच सांगून टाकलंय.

एवढं झालं की चेहऱ्याकडे वळा. आमचं मत असं की आत्मचित्रातून चित्रकाराची मनःस्थिती कमी कळते. स्वतःला कोण म्हणून पाहिलं जावं अशी त्याची इच्छा होती, ते जास्त कळतं.

४. बहुतेक आत्मचित्रांत चित्रकार रागावलेला किंवा उदास का दिसतो?

कारण तो काम करतोय. दोन तास स्वतःच्या डाव्या नाकपुडीची कड निरखत बसलेल्या माणसाच्या कपाळाला आठ्या पडणारच. हसू तर पाच मिनिटंही टिकत नाही, गालाचे स्नायू थकतात आणि ओठ ताणलेले दिसू लागतात. रोखून पाहणारी नजरही आरशाचीच देणगी आहे. अंग ईझलकडे वळलेलं, मान थोडी फिरलेली आणि बुबुळं कोपऱ्यात सरकलेली अशी बैठक दिसली, की समोर आरसा होता असं समजायला जागा आहे. यान व्हॅन आयकच्या १४३३ च्या लाल पागोट्यातल्या पुरुषाच्या चित्राला अभ्यासक आत्मचित्र मानतात, त्यात ही नजरही एक खूण आहे.

५. आरशात डावं-उजवं उलटतं. मग आत्मचित्रही उलटंच असतं का?

आरशात पाहून केलेलं चित्र उलटंच होतं, चित्रकाराने मुद्दाम सुधारलं नाही तर. व्हॅन गॉगने डिसेंबर १८८८ मध्ये डावा कान कापला. पुढच्याच महिन्यातल्या आत्मचित्रात पट्टी उजव्या कानावर दिसते. उजव्या हाताने काम करणारा चित्रकार आरशात डावखुरा होतो. केनवुडच्या चित्राच्या एक्स-रेमध्ये दिसतं, की रेम्ब्राँने आधी आरशात दिसलं तसंच रंगवलं होतं आणि नंतर हात बदलून पॅलेट दुसरीकडे नेलं.

एचिंगचा हिशेब वेगळा. पत्र्यावर आरशातलं उलटं चित्र कोरलं जातं आणि कागदावर छापताना ते पुन्हा उलटतं. म्हणून छापील आत्मचित्रातला चेहरा लोकांना दिसतो तसा सुलटा असतो.

आपल्याकडच्या खुणा सोप्या आहेत. डाव्या नाकपुडीतली चमकी उजवीकडे जाते. पुरुषाच्या शर्टाची पट्टी बायकांच्या ब्लाउजसारखी उलटी लागते. बडोद्यात एक गंमत जास्तीची: डाव्या खांद्यावरचा पदर चित्रात उजव्या खांद्यावर गेला की पाहणारा ती बाई गुजराती पद्धतीची साडी नेसली आहे असं धरून चालतो. पदर पुढून मागे गेला आहे की मागून पुढे आला आहे ते पाहा. गुजराती पदर मागून पुढे येतो. आरसा खांदा बदलतो, ही दिशा बदलत नाही.

६. आत्मचित्र खोटं बोलू शकतं का?

बोलतं, आणि तिथेच ते सगळ्यात बोलकं असतं. रेम्ब्राँचं १६५६ मध्ये दिवाळं निघालं, घरातल्या वस्तूंचा लिलाव झाला. १६५८ मध्ये त्याने स्वतःला सोनेरी-पिवळ्या भरजरी पोशाखात, हातात राजदंडासारखी काठी घेऊन, सिंहासनावर बसल्यासारखं रंगवलं. हे चित्र न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहात आहे. त्यावरून त्याची मिळकत ठरवायला गेलात तर फसाल. सावकार दारात असताना हा माणूस स्वतःला काय समजत होता, एवढं मात्र त्यात स्पष्ट आहे.

जर्मन चित्रकार ड्यूररने १५०० साली, वयाच्या २८ व्या वर्षी, स्वतःला अगदी समोरून रंगवलं. खांद्यावर रुळणारे केस, छातीशी आणलेला हात. त्या काळी अशी सरळ समोरची बैठक मुख्यतः ख्रिस्ताच्या चित्रांसाठी असायची, आणि चित्रकाराकडे कारागीर म्हणूनच पाहिलं जाई. चित्र म्युनिकला आहे.

७. आत्मचित्रावरून चित्रकाराचे आजार ओळखता येतात का?

प्रयत्न होतात, पण जपून. २००४ मध्ये हार्वर्डच्या मार्गारेट लिव्हिंगस्टन आणि बेव्हिल कॉनवे यांनी रेम्ब्राँच्या आत्मचित्रांतल्या बुबुळांची मोजमापं घेऊन मांडलं, की त्याचा एक डोळा बाहेरच्या बाजूला वळलेला असावा आणि त्यामुळे त्याला खोली नीट जाणवत नसावी. रंगचित्रांत एका बाजूचा डोळा बाहेर आणि एचिंगमध्ये दुसऱ्या बाजूचा, हा त्यांचा भक्कम मुद्दा होता (का ते प्रश्न ५ वरून लक्षात येईल). यावर आक्षेपही सोपा आहे. स्वतःचे दोन्ही डोळे आरशात एकाच वेळी निरखता येत नाहीत. आधी एक पाहून रंगवतो, मग नजर हलवून दुसरा. त्यातही बुबुळं थोडी फाकू शकतात.

पिवळट कातडीवरून कावीळ ठरवणं तर सोडूनच द्या. जुनं व्हार्निश काळाबरोबर पिवळं पडतं आणि त्याखालचा माणूसही.

८. मोठ्या चित्राच्या कोपऱ्यात चित्रकार स्वतःला घुसवतो, ते आत्मचित्र धरायचं का?

धरायचं. तिथे चित्रकार इतरांच्या तुलनेत स्वतःची जागा कुठे ठरवतो तेही दिसतं. मुघल चित्रकार बिचित्रने जहांगीर बादशहा एका सूफी शेखला ग्रंथ देतो आहे असं चित्र साधारण १६१५ ते १८ च्या दरम्यान केलं. त्यात डाव्या खालच्या कोपऱ्यात पिवळा जामा घातलेला बिचित्र स्वतः उभा आहे. हातात एक छोटं चित्र, आणि त्या चित्रातही तो वाकून मुजरा करतोय. सही केली आहे बादशहाच्या पायाखालच्या चौरंगावर. एवढी नम्रता, पण जागा पटकावली ती इंग्लंडच्या राजाच्या आणि तुर्कस्तानच्या सुलतानाच्या रांगेत!

स्पेनच्या व्हेलास्केझने १६५६ च्या ‘लास मेनिनास’मध्ये स्वतःला राजकन्येशेजारी, भल्यामोठ्या कॅनव्हाससमोर उभं केलं. छातीवरचा लाल क्रॉस नंतरचा आहे, कारण तो सरदारकीचा मान त्याला १६५९ मध्ये मिळाला. इटलीच्या कारावाज्जोने बायबलमधल्या डेव्हिडच्या हातातल्या गोलायथच्या कापलेल्या मुंडक्याला स्वतःचा चेहरा दिला. तोवर त्याच्यावर खुनाचा ठपका आलेला होता.

९. चेहराच नीट दाखवला नाही तर ते आत्मचित्र कसं?

यासाठी बडोद्याबाहेर जायची गरज नाही. भूपेन खक्कर १९६२ च्या सुमारास मुंबईहून बडोद्याला आले आणि २००३ मध्ये इथेच वारले. पेशाने हिशेबनीस, चित्रकलेचं रीतसर शिक्षण नाही. १९८१ च्या ‘यू कान्ट प्लीज ऑल’ या चित्रात गच्चीत उभा असलेला एक नग्न पुरुष मागून दिसतो. खाली रस्त्यावर बाप, मुलगा आणि गाढवाची गोष्ट चालली आहे, आपण लहानपणी ऐकलेली तीच: कोणी गाढवावर बसलं तरी लोक नावं ठेवतात. गच्चीतला माणूस म्हणजे स्वतः खक्कर, असंच हे चित्र वाचलं जातं आणि त्यांनी आपली समलैंगिकता उघड केली ती या चित्रातून. चित्र आता लंडनच्या टेट संग्रहात आहे.

इथे कबुली नाकाडोळ्यांत नाही, ती उघड्या पाठीत आणि खाली चाललेल्या गोष्टीच्या निवडीत आहे. त्याच वर्षी झालेल्या ‘प्लेस फॉर पीपल’ या प्रदर्शनात खक्कर आणि गुलाममोहम्मद शेख हे बडोद्याचे दोघे होते. स्वतःला आपल्या गल्लीबोळातल्या माणसांमध्ये ठेवून पाहणं, हा त्या मंडळींचा धागा. एकट्या चेहऱ्यापुरतं आत्मचित्र शोधलंत तर बडोद्याची निम्मी आत्मचित्रं हातची जातील.

१०. स्त्री चित्रकारांनी आत्मचित्रं जास्त का केली?

युरोपातल्या कलाशाळांत कित्येक शतकं बायकांना नग्न मॉडेलवरून अभ्यास करता येत नसे, त्यामुळे मोठ्या ऐतिहासिक चित्रांची वाट बंद. स्वतःचा चेहरा मात्र कोणाच्या परवानगीशिवाय उपलब्ध होता. आर्तेमीझिया जेंतिलेस्कीने साधारण १६३८ मध्ये स्वतःलाच ‘चित्रकला’ या देवतेच्या रूपात रंगवलं. चित्रकला ही स्त्रीरूपात दाखवायची प्रथा असल्याने हा डाव पुरुष चित्रकाराला खेळताच आला नसता. अमृता शेरगिलने १९३४ मध्ये स्वतःला ताहितीच्या स्त्रीच्या रूपात, उघड्या अंगाने रंगवलं. मागे एका पुरुषाची सावली आहे. फ्रेंच चित्रकार गोगँने ताहितीच्या बायका रंगवल्या त्या पाहणाऱ्याच्या जागेवरून. शेरगिल पाहणारीही आहे आणि पाहिली जाणारीही.

११. मला स्वतःचं करायचंय. सामान किती लागेल आणि मांडणी कशी?

पहिल्यांदा कोळसा आणि ३० × ४० सेंटिमीटरचा कागद पुरे. आरसा साधारण ४५ × ६० सेंटिमीटरचा, भिंतीला सरळ उभा टेकवलेला. कपाटाचा आरसा दार हललं की कोन बदलतो, तो नको. आरसा ईझलच्या अगदी लगत ठेवा, म्हणजे नुसती नजर हलवून काम होईल. मान वळवावी लागली की दर वेळी वेगळाच चेहरा समोर येतो. खुर्चीच्या पायांभोवती आणि स्वतःच्या पावलांभोवती खडूने खुणा करा. आरशावर टेपचे दोन बारीक तुकडे लावा, एक डोळ्यांच्या रेषेत, एक हनुवटीखाली. दर बैठकीला आधी त्या खुणांवर चेहरा आणून बसवायचा.

आरशाच्या काचेवर तुमच्या डोक्याची बाह्यरेषा बरोबर निम्म्या आकाराची पडते, तुम्ही जवळ असा की लांब. साबणाच्या वडीने काचेवर रेघ ओढून मोजून पाहा. २२ सेंटिमीटरचं डोकं ११ भरेल. चित्रातलं डोकं खऱ्यापेक्षा मोठं करू नका, १६ ते १८ सेंटिमीटर चांगलं दिसतं.

१२. मला चष्मा आहे. आरसा स्पष्ट दिसतो तर कागद दिसत नाही. काय करू?

चाळिशीनंतरच्या जवळजवळ प्रत्येकाची हीच तक्रार. आरसा ७५ सेंटिमीटरवर असला तरी त्यातला चेहरा डोळ्यांसाठी दीड मीटरवर असतो. वाचायच्या चष्म्यातून तो धूसरच दिसणार. आरसा ४० सेंटिमीटरवर आणा, म्हणजे चेहरा ८० वर येतो. कागदही हात लांब करून ७० ते ८० सेंटिमीटरवर ठेवा. आता दोन्हींना कॉम्प्युटरसाठी देतात तो एकच नंबर चालतो. प्रोग्रेसिव्ह काच टाळा. तिच्या खालच्या भागातून पाहायला हनुवटी नकळत वर जाते आणि चित्रात नाकपुड्या दिसू लागतात. चित्र पाहणाऱ्याला मग तुम्ही विनाकारण अहंकारी वाटता.

१३. उत्तरेची खिडकी हवी म्हणतात. बडोद्यात ते खरं आहे का?

वर्षाचा बराच काळ खरं आहे. मात्र हा नियम युरोपातून आलेला. बडोदं कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे जूनमध्ये आणि जुलैच्या सुरुवातीला भर दुपारचा सूर्यही माथ्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि मे ते जुलैत सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीतून तिरपं ऊन आत येतं. त्या महिन्यांत खिडकीला पातळ पांढरं कापड लावा किंवा दहा ते चार या वेळात काम करा. उजव्या हाताने काढत असाल तर उजेड डावीकडून आणि डोळ्यांच्या थोडा वरून घ्या, हाताची सावली कागदावर पडत नाही. रोज तीच वेळ, दोन तासांपेक्षा जास्त नाही.

१४. सगळं मोजून काढलं, तरी साम्य येत नाही. रंगात केलं तर चेहरा खडू फासल्यासारखा दिसतो. चुकतं कुठे?

साम्य बहुधा डोळ्यांच्या उंचीत हरवतं. डोळे टाळूपासून हनुवटीपर्यंतच्या बरोबर मध्यावर असतात, नवशिके ते वर चढवतात आणि कपाळ खुजं होतं. दुसरी चूक, एकेक अवयव पुरा करत जाणं. आधी डोक्याचा घाट, मग सावलीचे मोठे आकार, आणि पापण्या सगळ्यात शेवटी. चित्र मधूनमधून दुसऱ्या आरशात उलटं पाहा, वाकलेली बाजू लगेच डोळ्यात खुपते.

खडूपणा पांढऱ्यामुळे येतो. गव्हाळ किंवा सावळी त्वचा उजळवायला सरळ टायटॅनियम व्हाइट घातला की रंग थंड आणि पिठूळ होतो. बर्न्ट सिएना, यलो ऑकर आणि चिमूटभर अल्ट्रामरीन एवढ्यावर मधला रंग तयार करा, उजळ भागाकडे जाताना आधी ऑकर वाढवा, आणि पांढरा कपाळ, नाकाचा शेंडा, खालचा ओठ इथेच राखून ठेवा. साध्या काचेला हिरवट झाक असते हेही विसरू नका. आरशाशेजारी हात धरून खरा आणि आरशातला रंग ताडून पाहा. तैलरंगात पहिला थर टर्पेंटाइनने पातळ आणि तेल पुढच्या थरांत, उलटं केलं तर वरचा थर तडकतो. पावसाळ्यात थर वाळायला जास्त दिवस लागतात, घाई करू नका.

फोटोवरून करायचं असेल तर फ्रंट कॅमेऱ्याची सेल्फी वापरू नका. ३० सेंटिमीटरवरून नाक कानांच्या तुलनेत सुमारे ४० टक्के मोठं येतं, दीड मीटरवरून हाच फरक ८ टक्क्यांच्या आसपास राहतो. कोणाला तरी दीड-दोन मीटरवरून काढायला सांगा.

१५. घरात आजोबांचं तैलचित्र आहे. ते कलाभवनात शिकले होते. हे त्यांनी स्वतः काढलेलं आहे की दुसऱ्या कोणी?

दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या जुन्या घरांतून हा प्रश्न दर काही महिन्यांनी येतो. कलाभवन हे कला आणि तंत्रशिक्षणाचं विद्यालय १८९० पासून बडोद्यात होतं, तेव्हा शक्यता आहेच. आजोबांचा त्याच वयाचा फोटो घेऊन भांग, तीळ, कोटाची बटणं यांची बाजू ताडून पाहा. चित्रात तिन्ही उलट असतील तर आरशावरून केलेलं आत्मचित्र असण्याची शक्यता बरीच वाढते. मात्र फोटोच उलटा छापलेला नाही ना, हे त्यातल्या बटणांवरून आधी तपासा. तिन्ही सुलट असतील तर चित्र बहुधा दुसऱ्याने किंवा फोटोवरून केलेलं. फोटोवरच्या चित्रांत नजर बऱ्याचदा सैल आणि समोर असते, आरशासारखी कोपऱ्यातून रोखलेली नसते. कॅनव्हासची मागची बाजू, चौकटीची लाकडं आणि तिथली कागदी चिठ्ठी यांचे फोटो काढून ठेवा. सही एकटीवर विसंबू नका, सह्या नंतरही घातल्या जातात.

१६. ते चित्र काळवंडलंय. बटाट्याने किंवा ओल्या फडक्याने पुसलं तर चालेल का?

नाही. बटाट्याचा स्टार्च भेगांत अडकतो आणि पावसाळ्यात तिथे बुरशी धरते. पाणी भेगांतून खालच्या अस्तरात जातं आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. नवीन व्हार्निशही मारू नका, मळ त्याखाली कायमचा बंद होतो. रंग कुठेही उचललेला नसेल तरच मऊ, कोरड्या कुंचल्याने वरून खाली धूळ झटका. चित्र बाहेरच्या ओल्या भिंतीवरून आतल्या भिंतीवर हलवा आणि चौकटीमागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे मागून हवा खेळेल. देवघराशेजारी लावलं असेल तर समईची काजळी वर्षानुवर्षं बसते, तिथून आधी काढा. बाकीची सफाई प्रशिक्षित जतनकाराकडून करून घ्या, आणि त्याने सुरुवातीला कोपऱ्यात रुपयाएवढ्या जागेवर करून दाखवावी असा आग्रह धरा.